रुसैलच्या पुलापर्यंत

जेरोमने गोलकीपरची भलीमोठी बॅग डिकीत कोंबली आणि ओले पॅड नेहमीसारखे डॅशबोर्डवर पसरले. बाहेर ऊन असं होतं की बरकाला घरी पोचेपर्यंत ते पापडासारखे वाळून निघत. शेजारच्या सीटवर कॅन्डिसने पट्टा लावला.

"यल्ला, चला कोच. स्टार्ट."

गाडीत त्याला कोच म्हणायचं, हा कायदा थेरेसाने केला होता. तिचा नवरा जेरोम मस्कतमधल्या एका क्लबचा पगारी आइस हॉकी कोच, आणि लेक कॅन्डिस त्याच्याच हाताखालच्या मुलींच्या संघाची गोलकीपर. मागे एकदा जेवणाच्या टेबलावर मिठाची बाटली आणि पकच्या, म्हणजे हॉकीतल्या रबरी चकतीच्या, जागी लिंबाची फोड मांडून तो लेकीला तिच्या चुका समजावत बसला. सुरमई गार झाली, लेक ताट सोडून उठली, आणि थेरेसाने तिथल्या तिथे निकाल दिला. घरी जाताना वाटेतल्या रुसैलच्या पुलापर्यंत तो कोच. पूल ओलांडला की पप्पा, आणि मग हॉकीचं नाव काढायचं नाही. तिच्यापुढे जेरोमचं कधी काही चाललेलं नाही, तेव्हाही चाललं नाही.

त्यामुळे शुक्रवारी सकाळची मॅच संपली की पुलापर्यंत तो अखंड बोले. वसईत चर्चच्या अंगणात रोलर स्केट्सवर हॉकी शिकलेला हा माणूस रिंकवर घसा बसेपर्यंत ओरडायचा, पण गाडीत पोरींचा विषय निघाला की त्याचा आवाज मऊ व्हायचा. जीव होता त्याचा त्यांच्यावर.

"अ‍ॅश्लीचं काय करू, सांग. गॅसवर दूध ठेवून आल्यासारखी पळते. पक मागेच राहिला, हे तिच्या गावीही नसतं."

कॅन्डिस हसली. "आणि प्रियांका?"

"ती पक फक्त मैत्रिणीला देणार. मैत्रीण बेंचवर असली की पक घेऊन एकटीच फिरते. पण पडली की लगेच उठते, तोंड वाकडं करत नाही. अशी पोरगी मला कधीही चालेल."

"टीम?"

"टीम दोन गोलनी पुढे गेली की शवर्म्याचा विचार करायला लागते."

"मुनिबा?"

जेरोमने उगाच एसी वाढवला. "मुनिबा बरी खेळली."

मुनिबा संघाची दुसरी गोलकीपर. ती बरी नव्हे, फार सुंदर खेळली होती. कुवेतच्या स्पर्धेत गोलमध्ये तीच उभी राहणार, हे जेरोमने मनाशी पक्कं केलं होतं आणि संध्याकाळी ते सगळ्यांना कळणार होतं. वाईट बातमी खेळाडूला आधी तोंडावर सांगायची, हा त्याचा शिरस्ता. ज्यांना बेंचवर बसायचं होतं त्या सगळ्यांशी तो सकाळीच बोलला होता. आता एकच उरली होती आणि ती शेजारी बसून पॅडची पट्टी बोटाला गुंडाळत होती. त्याने घसा खाकरला, तोंड उघडलं, आणि आजचा बर्फ कसा नरम होता ते सांगू लागला. मग बर्फ घासायच्या मशीनबद्दल बोलला. मग ते मशीन चालवणाऱ्या मुआजबद्दल. पूल आला आणि गेला.



"पप्पा," कॅन्डिस म्हणाली, "आमचे कोच आज सगळ्यांबद्दल बोलले. मला स्किप केलं."

"रुसैल गेलं, बाळा. मम्मीचा रूल."

"म्हणून तर तुला सांगते. ते कोच ना, सगळ्यांना फेस टू फेस सांगतात. मी पण... मी पण टीममध्येच आहे ना? मग मला का नाही?"

तिचं मराठी नेहमीसारखं अडखळत आलं, पण लागायचं तिथे लागलं.

पुढच्या राउंडअबाउटला जेरोमने वळसा घेतला आणि गाडी पुन्हा मस्कतच्या दिशेला लावली. थेरेसाचा फोन येत होता, तो त्याने वाजू दिला. पूल परत ओलांडून त्याने मस्कतच्या बाजूच्या पेट्रोल पंपाच्या सावलीत गाडी थांबवली.

"गोलकीपर."

"येस, कोच." ती सरळ होऊन बसली.

"कुवेतला मुनिबा खेळेल. तू बेंचवर. शॉट यायच्या आधीच तू गुडघ्यावर बसतेस, वरचा सगळा गोल मोकळा पडतो. ते सुधारेल. पण कुवेतपर्यंत नाही."

"ओके, कोच."

"काही विचारायचंय?"

तिने नकारार्थी मान हलवली. "थँक्यू, कोच."

गाडी पुन्हा घराकडे निघाली. पूल येईपर्यंत कॅन्डिस ओठ घट्ट मिटून समोर बघत राहिली. पूल मागे पडला, तसा तिने डॅशबोर्डवरचा एक पॅड ओढून मांडीवर घेतला, त्यात तोंड खुपसलं आणि हमसून हमसून रडू लागली.

जेरोमने एक हात तिच्या केसांवर ठेवला.

"काय झालं गं, बाळा?" पप्पाने विचारलं. "कोणी काही बोललं का तुला?"