थांबायचा निरोप

"पुन्हा उमटली," प्रथिन सापडल्याची खूण असलेली फिल्मवरची काळी पट्टी दाखवत ती म्हणाली.

सर प्रयोगशाळेत नुकतेच डबा उघडून बसले होते. "मग चांगलंच की. पट्टी उमटावी म्हणून तर जीव टाकतेस."

"इथं उमटायला नको होती, सर. या पेशींतून ते प्रथिन आपण काढूनच टाकलंय. जे नाहीच, ते दिसतंय कसं?"

सरांचा घास हातातच राहिला. "पेशींची अदलाबदल झाली असेल."

"नव्या वाढवल्या. अँटीबॉडीची बाटलीही नवी फोडली. पट्टी तिथंच."

मूत्रपिंडाच्या पेशी एकमेकींना 'वाढा', 'थांबा' असे निरोप कशा धाडतात, हे शोधण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. थांबायचा निरोप नेणारं प्रथिन आजारी पेशींत कमी पडतं, असं तिनं छापून आणलं होतं. ते ओळखायला त्याला चिकटून पट्टी उमटवणारी एक अँटीबॉडी वापरायची. ती फक्त त्यालाच चिकटते, असं बाटलीवर लिहिलं होतं. सगळेच वापरत होते, म्हणून तिनंही पडताळलं नाही. ती चिकटत होती भलत्यालाच.

"छापलेला शोधनिबंध मागे घ्यायला हवा."

"घाई काय आहे? कोण बघायला आलंय?" सरांनी डब्याचं झाकण लावलं. "चूक काय तुझी एकटीची आहे?"

"पहिलं नाव माझंच आहे, सर."

दुपारीच तिनं संपादकांना कळवून टाकलं. आता दादाला सांगायचं उरलं होतं.

तो डायलिसिसच्या यंत्राला जोडलेला, पांघरुणात गुरफटून पडला होता. तिला पाहताच शेजारच्या खाटेवरच्या काकांना म्हणाला, "आली बघा आमची निरोप्यांची साहेबीण. शब्दच लबाड आहे, काका. निरोप आला तर खुशाली, घेतला की माणूस चालला. हिला म्हटलंय, माझं पहिल्यातच भागव."

काका हसले. तिला हसता आलं नाही.

"दादा, ते चुकलं. मी भलत्याच प्रथिनामागे धावत होते."

"किती चुकलं?"

"सगळंच."

यंत्र घरघरत राहिलं. काकांनी डोळे मिटून घेतले.

"तुझ्या वहिनीला मी सांगेन," दादा म्हणाला. "तू नको. ती तुला काहीतरी बोलून बसेल, मग दोघी रडाल."

"रागाव तरी माझ्यावर."

"रागावलोय की. अंगात त्राण नाही, एवढंच."

तिनं सुकलेल्या ओठांवरून जीभ फिरवली. दादाच्या उशाशी छोटा पेला होता. दिवसभराचं पाणी त्याला मोजून मिळायचं. जीव कासावीस झाला तरी तो ओठ ओले करून थांबायचा. मोकळ्या हातानं त्यानं पेला तिच्याकडे सरकवला.

"घे."

"बाहेर नळ आहे, दादा."

"असू दे. घे म्हटलं ना."

तिनं पेला उचलला. तिचं पिऊन होईपर्यंत तो खिडकीकडे बघत राहिला.