भिंतीवर चढणारी रेघ

काच तेलकट राहते, असं प्रयोगशाळेच्या बाई म्हणाल्या तेव्हा माझा पाराच चढला. एकोणीस वर्षं मी इथली काच धुते. आधी साबण, मग आम्ल, मग तीनदा शुद्ध पाणी.

त्यांचा प्रयोग असा: काडेपेटीएवढ्या काचेच्या पेटीत एकमेकांत न मिसळणारी दोन पाणी. खालच्यात बारीक तंतू. त्यांना खाद्य घातलं की ते आपसूक वळवळतात आणि दोन्ही पाण्यांमधली रेघ हलते. इथवर ठीक. पण भिंतीपाशी ती रेघ वर चढायची, बाईंच्या गणितात बसत नव्हतं इतकी वर. म्हणून संशय काचेवरच्या तेलावर.

"मावशी, राग मानू नका," बाईंची विद्यार्थिनी म्हणाली. सदा धावपळीत, म्हणून मी तिला घाईताई म्हणते. "दोन महिने अडलोय आम्ही. सोमवारपासून काच यंत्रात धुवायची ठरलीय."

म्हणजे माझी रवानगी सामानाच्या खोलीत. नाचता येईना अंगण वाकडं, असं मी पुटपुटले खरी, पण आतून हादरले होते. खरंच माझा हात ढिला पडला असेल तर?

पेटी भरली की तासाभरात फोटो काढायचे आणि ती माझ्या मोरीपाशी ठेवून द्यायची, ही इथली रीत. त्यानंतर तिच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही. शुक्रवारी सकाळी मी आदल्या दिवशीची एक पेटी उजेडात धरली, तेलाचा डाग शोधायला. डाग नव्हता. रेघ मात्र भिंतीवरून उतरून सरळ झाली होती. दुसरी पाहिली. सहाच्या सहा तशाच!

एक पेटी घेऊन ओल्या हातांनीच बाईंच्या खोलीत शिरले. "बाई, माझ्या काचेला तेल असेल, तर ते रात्री घरी जातं का?"

बाईंनी पेटी डोळ्यांजवळ नेली.

"खाद्य संपलंय यातलं," त्या म्हणाल्या आणि शेजारच्या घाईताईकडे वळल्या. "अगं, थेंबभर घाल बघू. याच पेटीत."

घाईताईने सुईने थेंब सोडला. थोड्या वेळाने रेघ थरथरली आणि भिंतीला धरून वर सरकू लागली.

"तंतूच चढवतायत तिला!" बाई म्हणाल्या. " आणि आम्ही तुमच्या काचेला नावं ठेवत बसलो. चुकलं आमचं, मावशी."

बाई आणखीही काही म्हणाल्या, यंत्राचं रद्द वगैरे. माझं लक्ष नव्हतं. शेकडो पेट्या माझ्या हातून गेल्या होत्या, पण सगळ्या दमून निजलेल्या. जागी पेटी मी पहिल्यांदाच पाहत होते.

"सरका जरा," मी म्हटलं, "मला दिसत नाहीये."