कोण कोण थकलंय

एचआरवाल्यांच्या त्या मेळाव्याला मी एकाच बाईंसाठी गेले होते. लेकीच्या पाळणाघरासमोरच्या कंपनीत त्या एचआरच्या प्रमुख होत्या आणि त्यांच्या हाताखालची जागा रिकामी होती. सध्या मी पोचते तोवर पाळणाघरात लेक एकटीच उरलेली असते. दप्तर पोटाशी धरून दाराकडे तोंड करून बसते. हल्ली रडतही नाही. मला त्याचीच धास्ती वाटते.

चहाच्या रांगेत बाईंनी आपणहून विषय काढला. "सोमवारी ये की भेटायला. तुझ्यासारखी पोरगी हवीच आहे मला."

मागेपुढे रडगाणी चालू होती. "दिवसभर लोकांना कामावरून काढायचं आणि घरी जाऊन जेवायचं. घास उतरत नाही गं," एक गोरीशी, चष्मेवाली म्हणाली.

"तू निदान घरी तरी जातेस," दुसरी म्हणाली. "मी तर नवऱ्यालाही म्हणते, तुमचा मुद्दा नोंदवून घेतलाय."

सगळ्या खोखो हसल्या. बाईसुद्धा.

मग आत भाषण. वक्ता गोड बोलणारा. "इथे सगळी आपलीच माणसं आहेत. खरं सांगा, कोण कोण थकलंय? हात वर करा."

माझा हात वर गेला. आत्ताच तर सगळ्या बोलत होत्या.

आजूबाजूला पाहिलं. सगळ्यांचे हात मांडीवर. चष्मेवाली फोनमध्ये डोकं खुपसून बसलेली. आता हात खाली घ्यायचाही धीर होईना.

"वा, यांच्यासाठी टाळ्या," वक्ता म्हणाला. टाळ्या झाल्या.

निघताना बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "सोमवारची घाई नको करूस हं. आधी स्वतःला सांभाळ. मी कळवते."

हे 'कळवते' मी स्वतः कितीजणांना म्हटलंय. म्हणताना आवाज असाच मऊ ठेवायचा असतो.

जिन्यात चष्मेवालीने गाठलं. "धीराची आहेस बाई. माझंही अगदी तुझ्यासारखंच आहे." हळूच म्हणाली, कार्ड हातात कोंबलं आणि भराभर उतरून गेली. तिच्यामागून आणखी दोघी तशाच.

घरी नवरा लेकीला भरवत होता. "काय गं, झालं का काम?"

"ओळखी झाल्या."

"आणि सोमवारचं?"

मी पर्स खुंटीला अडकवत राहिले. लेक आळीपाळीने आम्हा दोघांकडे बघत होती. मग तिने बाबाच्या हातातला चमचा घेतला आणि आपली आपण जेवू लागली.