धाकट्या उपग्रहाची पाळी

मी एक उपग्रह बोलतोय, आणि तेही जमिनीवरून. पृथ्वीचे फोटो काढून विकणाऱ्या एका कंपनीत आम्ही दोघे भाऊ एकाच टेबलावर जन्मलो. थोरल्याने आकाशात जायचं आणि मी धाकट्याने त्याच्यासाठी मार खायचा, असं ठरलेलं. आधी मला गदागदा हलवायचं, तापवायचं, गोठवायचं. मी तगलो की मग त्याच्या अंगाला हात लावायचा. मी प्रत्येक वेळी तगलो. त्याचा मला गर्व आहे, आणि का नसावा?

निघण्याच्या महिनाभर आधी कॅमेऱ्याचं काम बघणाऱ्या बाईंच्या हातून पेचकस निसटला आणि थोरल्याच्या भिंगावर केसाएवढा ओरखडा उठला. बाईंनी घाईघाईने माझं भिंग त्याला बसवलं आणि त्याचं मला दिलं. धाकट्याच्या नशिबी थोरल्याचे कपडे असतात, म्हणून मीही कुरकुर केली नाही.

मग थोरला निघाला. सगळी कंपनी पडद्यासमोर जमली होती. अग्निबाण झोकात चढला, पण टोकावरचं झाकण उघडलंच नाही. त्या ओझ्याने हवा तेवढा वेग येईना, आणि थोरला झाकणासकट समुद्रात पडला. टाळ्यांसाठी उचललेले हात एकाने हळूच खिशात घातले. मला फार फार वाईट वाटलं.

आठवड्याने साहेब माझ्यापाशी आले.

"याला बाहेरच्या हॉलमध्ये मांडू. शोभा येईल."

"साहेब, हा उडू शकतो," बाई म्हणाल्या.

"याच्या भिंगाला ओरखडा आहे ना? कोणाचा प्रताप?"

"माझाच. पण एक फोटो काढून बघू, मग काय ते ठरवा."

माझा जीव टांगणीला लागला. बाईंनी बारीक रेघांचा तक्ता लावला आणि मी फोटो काढला. साहेबांनी चष्मा पुसून एकेक रेघ तपासली.

"सगळं स्वच्छ दिसतंय की! ओरखडा कुठे गेला?"

"एवढासा ओरखडा फोटोत उतरत नाही, साहेब. थोडा उजेड तेवढा वाया जातो."

"मग भिंग बदललंत कशाला?"

"घाबरले होते. फोटो काढून बघायचं सुचलंच नाही."

"म्हणजे चांगलं भिंग उगाच बुडवलंत."

"हो."

साहेबांनी चष्मा खिशात ठेवला. मग म्हणाले, "याला पेटीत भरा."

आता मी पेटीत आहे, उद्या निघायचंय. माझ्याही अग्निबाणाचं झाकण नाही उघडलं तर? तर पडेन. हॉलमधल्या कुंडीशेजारी धूळ खात बसण्यापेक्षा ते बरं. पण मी पडणार नाही. थोरल्या, तू पडलास त्या समुद्राचा फोटो मी सगळ्यात आधी काढणार आहे.