विसाव्याची जागा

ओबरश्रोफेन या बर्फाळ डोंगरगावात फेब्रुवारीच्या सुट्टीत मरायची सोय नाही. नोव्हेंबरात मरा, मे महिन्यात मरा, गाव हातातलं काम टाकून दारात येईल. फेब्रुवारीत मात्र गावातली एकूण एक खाट पाहुण्यांनी भरलेली असते आणि सगळे धडधाकट हात स्कीवाल्यांना डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टवर नाहीतर हॉटेलांच्या मुदपाकखान्यात अडकलेले असतात. रोमेडने हा विचार केला नाही. गायींचं दूध काढून तो गोठ्याच्या दारातच कोसळला, आणि त्याची बायको नोटबुर्गा बाहेर धावली तोवर सगळं संपलं होतं.

ती रडली नाही. रडायला वेळच झाला नाही, कारण दुसऱ्याच दिवशी एगोन आला.

एगोन म्हणजे रोमेडचा मामेभाऊ आणि लिफ्ट कंपनीचा साहेब. येताना त्याने चीज आणि धुरावलेल्या मांसाचं मोठं ताट आणलं होतं, वरून कंपनीची फीत बांधलेली. रोमेड किती चांगला होता हे तो बराच वेळ सांगत बसला. मग हळूच मुद्द्यावर आला. शवपेटी खालच्या रस्त्याने गाडीतून नेली तर बरं. नाहीतर संध्याकाळी, लिफ्ट बंद झाल्यावर. म्हणजे कुणालाच त्रास नाही.

वरच्या घरांमधला माणूस चर्चपर्यंत कसा न्यायचा, हे काही एगोनने ठरवायचं नव्हतं. पुढे शिंगांसारखे दोन वाकडे दांडे असलेल्या लाकडी घसरगाडीवर, पाय पुढे करून, जुन्या पायवाटेने, दिवसाउजेडी. एक जण पुढे शिंगांमध्ये, तीन जण मागे दोर ताणून, म्हणजे उतरणीवर गाडी सुटत नाही. वाटेत एकच विसावा, सपाट दगडापाशी. तिथे गाडी टेकवून पूर्ण जपमाळ म्हणायची, आणि तेवढ्या वेळात जो गावकरी तिथे येईल त्याने दोर धरणाऱ्या एकाला मोकळं करायचं. नाही म्हणायचं नसतं. बांधावरून उभा जन्म भांडलेल्यांनीसुद्धा असे दोर धरले होते.

आता त्या पायवाटेला मधोमध स्कीचा मोठा उतार आडवा आला होता, आणि विसाव्याचा दगड त्याच्याच बर्फाखाली होता. ते कुरणही रोमेडचंच. एगोनच्या बापाला त्याने ते नुसत्या हातात हात देऊन वापरायला दिलं होतं. वर हिवाळाभर त्याच उतारावर बचावपथकात राबला, पाय मोडलेले पाहुणे गुंडाळून खाली आणत राहिला.

"पाहुण्याचा पाय मोडला की तुझा उतार थांबतो," नोटबुर्गा म्हणाली. "रोमेडनेच थांबवलाय, शंभरदा. आणि आता त्याच्यासाठी थांबत नाही?"

"तो अपघात असतो, वहिनी."

"मग ही काय सहल आहे?"

एगोनने आवाज आणखी मऊ केला. लोक पोराबाळांना घेऊन सुट्टीला येतात, म्हणाला, शवपेटी बघायला येत नाहीत. नोटबुर्गाने ताट उचललं, त्याच्या हातात दिलं आणि दार उघडून धरलं.

"हे तुझ्या पाहुण्यांना वाढ. रोमेड गुरुवारी सकाळी जाईल. वाटेनेच जाईल."

एगोन उघडपणे नाही म्हणाला नाही. तसली माणसं कधी म्हणत नाहीत. गुरुवारी मात्र कुणालाच सुट्टी मिळाली नाही. लिफ्टवाल्यांना नाही, कृत्रिम बर्फ उडवणाऱ्या तोफा सांभाळणाऱ्यांना नाही, बचावपथकातल्या रोमेडच्या जिवलग सोबत्यांनाही नाही. जो तो मान खाली घालून येऊन गेला. उरला मुलगा कासियान, तो उतारावरचा बर्फ सपाट करायचं यंत्र रात्री चालवायचा म्हणून दिवसा मोकळा. शिवाय रोमेडचा थोरला भाऊ रोखुस आणि शेजारचा म्हातारा पियुस. चौथा म्हणून स्की शिकवणाऱ्या फाइटने शब्द दिला होता. गुरुवारी सकाळी त्याचा निरोप आला की त्याच्या गळ्यात ऐनवेळी एक वर्ग मारलाय. फाइटचा यात काही दोष नव्हता. तरी नोटबुर्गाने मनातल्या मनात त्यालाही शिव्या घातल्या.

अंगणात गाडी तयार होती. रोखुस पुढे शिंगांमध्ये उभा राहिला, कासियान आणि पियुसने एकेक दोर घेतला. तिसरा बर्फावर तसाच पडून होता. नोटबुर्गाने काळ्या शालीची गाठ मागे बांधली आणि तो उचलला.

"बायकोने दोर धरायचा नसतो, बुर्गी," रोखुस म्हणाला.

"मग तू धर, चार हातांनी."

रोखुसने वळून शिंगं पकडली. पाद्री आणि पाचसात म्हाताऱ्या बायका मागून जपमाळ म्हणत निघाल्या. वाट बर्फाने कडक झाली होती. गाडी हिसके देत होती आणि प्रत्येक हिसक्याला दोर हातमोज्यांतून तळव्यात रुतत होता. रोमेड जड होता. आयुष्यभर हलक्या पावलाचा माणूस, आणि आज इतका जड. तिला त्याचा राग आला, फाइटचा आला, मान खाली घालून गेलेल्या एकेकाचा आला, आणि सगळ्यात जास्त त्या फीत बांधलेल्या ताटाचा आला.

झाडी संपली आणि वाट उतारावर निघाली. वरून रंगीबेरंगी माणसं सुसाट येत होती. एक जण अगदी जवळून वळण घेत गेला आणि हेल्मेटमधून काहीतरी ओरडला. पेटीवर बर्फाचा शिंतोडा उडाला. कासियानने दोर आवळला आणि भराभर पलीकडे निघू म्हणाला.

"थांबा," नोटबुर्गा म्हणाली. "विसावा."

"आई, जपमाळ पलीकडे म्हणू. इथे कुणीतरी अंगावर येईल."

"दगड इथे आहे."

गाडी टेकवली. स्की आडव्या करून एक अनोळखी बाई मध्येच थांबली, पाहुण्यांपैकीच. पेटी बघून तिचा चेहरा उतरला. तिने पायातल्या स्की काढल्या, वरच्या अंगाला थोडी चढून गेली आणि त्या बर्फात फुलीसारख्या रोवल्या. इथे अपघात झालाय, थांबा, याची ही खूण. रोमेडने ती त्याच उतारावर किती वेळा रोवली असेल. येणारे थांबू लागले, वर गर्दी साचू लागली. नोटबुर्गाला त्या बाईचाही राग करायचा होता, पण तो काही जमला नाही.

जपमाळ अर्धी झाली तेव्हा खालून बर्फावरची मोटार धडधडत आली. एगोन उतरला, कंपनीच्या लाल जाकिटात, टोपी तशीच डोक्यावर. तो नोटबुर्गाच्या कानाशी लागला. वर सगळं तुंबलंय, कुणी पडलं तर जबाबदार कोण, उरलेलं खाली चर्चमध्ये म्हणा. तिने प्रार्थना तोडली नाही. म्हाताऱ्यांनीही तोडली नाही, फक्त एकेकीची नजर त्याच्यावर येऊन थांबली. रोखुस त्याच्याकडे बघत राहिला. तेव्हा कुठे एगोनला कळलं आपण कुठे उभे आहोत. त्याने टोपी काढली. एक पाऊल मागे सरकला आणि तिथेच थबकला.

शेवटचा मणी झाला. नोटबुर्गाने दोर त्याच्यापुढे धरला.

"मी फक्त सांगायला आलो होतो, वहिनी."

"विसाव्यावर आलास ना?"

त्याने वरच्या गर्दीकडे पाहिलं, मग म्हाताऱ्यांकडे. त्यांतल्या एकीने त्याला पाळण्यात जोजवलं होतं. एगोनने दोर घेतला.

उताराच्या पलीकडे वाट सर्वांत तीव्र होती. तिथे गाडी जोरात पुढे ओढू लागली आणि एगोनला दोन्ही टाचा बर्फात रोवाव्या लागल्या. त्याच्या खिशातला फोन वाजायला लागला. तो बंद झाला, पुन्हा वाजला. दोर एका हाताने सोडला असता तर गाडी सरळ रोखुसच्या पाठीवर गेली असती.

"वाजू दे," मागून नोटबुर्गा म्हणाली.

आता ती पेटीच्या मागे चालत होती, बायकोने चालायचं तिथे. एगोनला तिने माफ केलं नव्हतं, पुढेही करणार नव्हती. तिने हातमोजे काढले. तळवे दोराने सोलवटले होते. त्या रिकाम्या हातांकडे बघता बघता ती रडायला लागली.