खंडेनवमीचा फिल्टर

हे मी सांगतोय ते तुम्ही मानणार नाही. नका मानू. उभी हयात बेळगाव-कोल्हापूर बस हाकली, पण निपाणीत माझं कुणी काही मानल्याचं मला आठवत नाही. तरी सांगतो. मारुतीरावच्या गाडीखालचा तो ऑइल फिल्टर असा बसला होता की आम्ही फिल्टर फिरवायला गेलो आणि गाडी फिरली! फिल्टर जागच्या जागी. गाडीचं तोंड मारुतीच्या देवळाकडं होतं, ते वखारीकडं झालं.

"हाणा आप्पा, हाणा," रवळू म्हणाला. रवळू तंबाखूच्या वखारीतला हमाल. आम्ही मष्णूच्या पंक्चरच्या टपरीपुढं बाकड्यावर बसलो होतो. मष्णू खाली मान घालून ट्यूब घासत होता. त्याला बोलायची सवय नाही.

"एवढा आवळला कुणी पण?" रवळूनं विचारलं.

"जुन्या मालकाच्या गॅरेजवाल्यानं. कोल्हापूरचा कुणीतरी." मी म्हणालो. "अरं, फिल्टर हातानं बसवायचा असतोय. हातानं फिरव, वर जरा दाब दे, झालं. पान्यानं आवळला की रबर चिकटतंय आणि मग बापजन्मी सुटत न्हाय. ह्या शहाण्यानं पाना लावला. अंगात जोर हाय म्हणून काय..."

तेवढ्यात चहा आला म्हणून मी थांबलो. चहा गरम होता, सावकाश प्यालो.

मारुतीराव माझा भिंतीला भिंत शेजारी. त्याची केतकी खानापूरला दिलेली. सासर तालेवार. लग्नातच व्याह्यानं चारचौघांत सांगितलं होतं, "पोरीला न्यायला-आणायला आमची गाडी हाय. तुम्ही यष्टीनं हेलपाटं घालू नका." मारुतीराव हसला होता, पण ते त्याच्या काळजात रुतलं. पहिलं बाळंतपण माहेरचं, म्हणून केतकीला दिवस गेल्याचं कळल्याबरोबर त्यानं जुनी का होईना, एक गाडी घेतली. शेवटी अडचण झाली म्हणून बाळंतपण बेळगावच्या दवाखान्यात झालं. तिथं व्याह्यासमोर हा बोलून बसला, "नातू घरात येणार त्यो माझ्या गाडीतनंच."

व्याही म्हणाला, "या की. पण दवाखान्यातनं सोडल्यावर बाळंतिणीला ताटकळत ठेवायची न्हाय. दुपार टळली तर आमची गाडी उभीच हाय. खानापूरला नेतो."

आणि सोडायचा दिवस आला नेमका खंडेनवमीचा.

सकाळी मीच म्हणालो, "मारुतीराव, तेल बदलून घिऊया. ओली बाळंतीण घिऊन तवंदी घाटात बंद पडली म्हंजे?" चांगल्या मनानं म्हणालो. जुनं तेल खाली सोडलं, ते निथळेपर्यंत आत जाऊन पोहे खाल्ले. बाहेर येऊन बघतो तर हत्यारांची पेटी रिकामी!

जयाबाईनं, म्हणजे मारुतीरावच्या बायकोनं, सगळी हत्यारं धुऊन देवघरापुढं पाटावर मांडली होती. कोयता, विळी, हातोडा, पकड, आणि मधोमध फिल्टरचा पाना. हळदकुंकू लावलेला, वर झेंडूची माळ. आमच्याकडं हत्यार एकदा पूजेला बसलं की दुसऱ्या दिवशी सीमोल्लंघनापर्यंत उचलत नाहीत. उचललं तर वर्षभर त्या हत्याराला यश नाही.

"आगं, गाडी उघडी पडलीया!" मारुतीराव म्हणाला.

"मग आदी सांगायचं हुतं. मला काय म्हाईत, सणाच्या दिवशी तुम्ही दोघं गाडीची आतडी काढत बसणार?"

"ऱ्हाऊ दे," मी म्हणालो, "फिल्टर हातानं सुटतोय."

सुटला नाही. मारुतीरावनं लावला हात, मी लावला हात, मग दोघांनी चार. पॉलिश पेपर गुंडाळून बघितला. जयाबाईच्या लुगड्याचा काठ करकचून बांधून ओढला, काठ उसवला. मग दोर बांधून ट्रॅक्टरनं ओढायचं ठरवलं, तर गल्लीतल्या ट्रॅक्टरला माळ. दळपाच्या गिरणीला माळ. गवंड्याच्या थापीला माळ. "मष्णू, तुझी टपरीसुद्धा बंद हुती," मी मान वळवून म्हणालो. शेवटी तालमीतल्या पैलवानाला बोलवायला गेलो. पैलवान दारात बसलेला, दोन्ही दंडांवर हळदकुंकू! त्याची आई म्हणाली, "त्येचं हत्यार त्येच. पूजा झाली. उद्यापतुर उचलायचं न्हाय." त्याला ती हातानं भरवत होती!

रवळू बाकड्यावर आडवा झाला. "आप्पा, मरतो मी!"

मीही हसलो. पण इथनं पुढं त्या गोष्टीत हसण्यासारखं फारसं नाही, आणि मला वाटत होतं की रवळूनं अजून थोडं हसावं.

"मग?" तो म्हणाला.

मग कुणीतरी सळई आणली. बांधकामावरची, तिची पूजा झालेली नव्हती. सळई दगडानं फिल्टरच्या आरपार ठोकायची आणि दांड्यासारखी फिरवायची, असा विचार होता.

"कुणाचा?" रवळूनं विचारलं.

"कुणाचा म्हंजे? तितं चार माणसं हुती. कोण ना कोण बोलतंयच." सळई आरपार गेली आणि फिरवल्याबरोबर फिल्टरचा पत्रा पापडासारखा टरकला. बूड तसंच चिकटलेलं. आता जुना फिल्टर ठेवून नवीन तेल ओतावं म्हटलं तर तीही वाट गेली. ओतलं असतं ते सगळं अंगणात आलं असतं.

मारुतीराव गाडीखालनं बाहेर आला. तोंड काळं, सदरा काळा. त्यानं मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. "वडापची जीप ठरवू या का?" मी विचारलं. "दहा माणसांत बाळंतीण कोंबू?" तो हळू म्हणाला. मी त्याच्या चपलांकडं बघत राहिलो. एका चपलेचा अंगठा तुटलेला होता, त्याला तार गुंडाळलेली. ती तार मला अजून पाठ आहे.

तो आत गेला. मी दारातनं बघत होतो. पाटापुढं हात जोडून उभा राहिला. जयाबाई म्हणाली, "घ्या. लेकरासाठी घेतलासा म्हणून देवी काय रागावणार न्हाय. मी नाक घासते तिच्याम्होरं." त्यानं माळ बाजूला केली, पाना उचलला, आणि फोन वाजला.

केतकी होती. आवाज बाहेरपर्यंत येत होता. "बाबा, कुठवर आलासा? हितं मामंजी गाडी लावून उभं हाईत. काय सांगू त्यास्नी?"

मारुतीरावनं हातातल्या पान्याकडं बघितलं. "सांग," तो म्हणाला, "सांग, बाबास्नी काम लागलं."

"कसलं काम, बाबा?"

"जा तू. बाळाचं डोस्कं झाकून घे. काचा वर कर."

पाना त्यानं होता तिथं ठेवला. माळ परत घातली, सरळ केली. जयाबाईनं पाळणा बांधला होता, तो तिनं संध्याकाळी सोडला. मी त्या दिवशी दिवे लागायच्या आत झोपायला गेलो.

बाकड्यावर रवळू तंबाखू मळायचा थांबला होता. गोष्ट अशी सोडून चालत नाही, म्हणून मी म्हणालो, "पण गंमत ऐक. दुसऱ्या दिवशी सोनं लुटून आलो, पान्याला नमस्कार केला, फिल्टरच्या बुडाला नुसतं बोट लावलं. आपोआप फिरलं! गरागरा! आणि सुटून कुठं गेलं असंल? वखारीच्या पत्र्यावरनं, हायवे वलांडून सरळ कोल्हापूरच्या दिशेनं! त्या गॅरेजवाल्याच्या टकुऱ्यात बसलं असंल. बसायलाच पायजे. असल्या माणसाला..."

मष्णूनं ट्यूब खाली ठेवली.

"आप्पा," तो म्हणाला, "कोल्हापूरच्या गॅरेजवाल्याचा फिल्टर खंडेनवमीच्या आदी, आखितीच्या सणालाच निघालाय. माझ्या ह्या भंगारात पडला हुता. नवा बसवलासा तो तुम्ही. पान्याच्या दांड्याला लावायला माझ्याकडनं पाईप घिऊन गेलतासा. 'हातानं आवळत्यात ती पोरं' म्हणालतासा. मारुतीराव अजून त्या गॅरेजवाल्याला शिव्या घालतोय, आणि तुम्ही शेजारी बसून व्हय व्हय म्हणतासा."