चेपलेल्या शिडाचा डबा

गुरुवारी सकाळी सव्वाआठला आगरदांड्याहून दिघीकडे निघालेली फेरीबोट खाडीच्या मधोमध थांबली. कारण धुकं. इंजिन मंद घुमत होतं, भोंगा अधूनमधून वाजत होता आणि दोन्ही काठ नाहीसे झाले होते.

बोटीवर अमिषा होती. नंदिवर्धन फूड्स या मोठ्या बिस्किट कंपनीच्या मुंबई कार्यालयात ती धोरण विभागात काम करते. किनाऱ्यावरचा धंदा घसरतो आहे, तो का, आणि कोणते डेपो बंद करायचे, हे शोधणं तिच्याकडे होतं. बोर्ली पंचतनच्या डेपोचा अहवाल त्याच दुपारी चारच्या बैठकीत जायचा होता. मसुदा तयार होता. शेवटचं वाक्य होतं : डेपो बंद करावा. पाठवण्याआधी जागा एकदा डोळ्यांनी पाहावी, एवढ्यासाठी ती निघाली होती.

मसुद्याचा आधार फोटो होते. दर गुरुवारी प्रत्येक दुकानदाराने आपल्या फळीचा फोटो कंपनीच्या ॲपवर टाकायचा. फळीवर किती माल उरला ते संगणक मोजतो. या भागातल्या फळ्या कायम भरलेल्या दिसत. भरलेली फळी म्हणजे न खपलेला माल. म्हणून कंपनीने डेपोला माल कमी धाडला. फळ्या भरलेल्याच राहिल्या. मग आणखी कमी धाडला.

त्या फोटोंमध्ये एक गोष्ट तिला खटकली होती. वरच्या फळीवर गलबताचं चित्र असलेला पत्र्याचा डबा, आणि नेमका शिडावर चेपलेला. दिघीच्या फोटोत तसा, दिवेआगरच्या फोटोत तसा, वेळासच्याही. वाहतुकीत माल चेपतो, ट्रक भरण्याची पद्धत तपासावी, असा एक परिच्छेद तिने अहवालात घातला होता.

बाकावर तिला डुलकी लागली. डुलकीत ते गलबत फळीवरून पाण्यात उतरलं आणि एका दुकानातून दुसऱ्या दुकानात शिरत राहिलं. चेपलेल्या जागी शीड फुगल्यासारखं दिसत होतं, वारा भरल्यासारखं. दुकानांना भिंती नव्हत्या, फक्त फळ्या होत्या, आणि फळ्यांमागे पांढरं पाणी.

तिने डोळे उघडले तेव्हा गलबत समोर होतं. शेजारी उभ्या टेम्पोच्या हौद्यात, खोक्यांच्या वर. आपण जाग्या आहोत की नाही हे तिला क्षणभर कळेना. तिने हात लावून पाहिला. पत्रा गार होता.

"चाचा, हा डबा कुठून आणलात?"

टेम्पोला टेकून चहा पिणारे करमअली हसले. "आनला कुठला? तो कामावर हाय."

"कसलं काम?"

"फोटोचं. विकायचा न्हाय तो. आमच्या टेम्पोत सगळ्यात सीनियर." त्यांनी खोक्यांवर थाप मारली. "हा सगळा फोटोचा माल. गुरुवार आला की दुकानादुकानात लावायचा, फोटो झाला की उचलायचा. आगरदांड्याची दुकानं सकाळीच उरकली, आता पलीकडची."

"पण का?"

"का म्हंजे? कंपनी बघनार हाय ना! पावना यायचा तर घर आवरायला नको? बुधवारपर्यंत सगळं विकून फळी उघडी पडते. उघडी फळी दाखवायची कशी? आबरू हाय दुकानाची." मग त्यांनी विचारलं, "तुमी कोनाकडं निघाल्या, बाय?"

"बोर्लीला. मी नंदिवर्धनमधूनच आलेय."

करमअलींनी चहाचा ग्लास खाली ठेवला आणि सावकाश ताडपत्री ओढून खोकी झाकली. डबा तेवढा बाहेर राहिला. धुकं विरळ होत होतं. भोंगा वाजला आणि बोट हलली.

बोर्लीचा डेपो महेरुन्निसा चालवते. नवरा कुवेतला, टेम्पो दिराच्या हाती, बाकी सगळं तिच्याकडे. गोदामात कोपऱ्यात थोडी खोकी होती. उरलेल्या जागेत ऊन पडलं होतं.

अमिषाकडून डब्याचं सगळं ऐकून ती आधी दिराकडे, करमअलींकडे वळली. "करम, अख्ख्या खाडीत तुला सांगायला हीच गावली?"

"भाबी, तिनंच डबा वळखला. मी काय करू?"

अमिषाने फोटोंचा हिशेब समजावला. महेरुन्निसाने तो बोटांवर जुळवला. मग म्हणाली, "म्हंजे आमी दुकान सजवलं, म्हनून तुमी माल तोडला."

"हो, आपा."

"आनि माल तुटला, म्हनून आमी आनखी सजवलं."

"हो."

महेरुन्निसाला हसू आवरेना. ओढणीच्या टोकाने तिने डोळे पुसले. "या अल्लाह! दोघं शहाने, समोरासमोर." मग हसू थांबलं. "आता लिवनार काय तू?"

अडचण तिथेच होती. खोटा फोटो टाकला तर एजन्सी रद्द, असा करारात नियम होता. खरं लिहिलं तर महेरुन्निसा जाणार. न लिहिलं तर माल खपत नाही म्हणून डेपो जाणार.

"या काठाचे आजचे फोटो अजून यायचेत," अमिषा म्हणाली. "दुकानं जशी आहेत तशी दिसू देत. मग माझ्याकडे दाखवायला काहीतरी असेल. बाकीचं मला लिहावं लागेल, आपा. डब्याचंही."

महेरुन्निसाने गोदामाकडे पाहिलं. "लिव. पन माज्या नावानं लिव. दुकानदारांना मधी आनू नको." आणि तिने वेळासच्या दुकानदार सत्यवतीला फोन लावला.

"रिकामी फळी?" सत्यवतीचा आवाज बाहेरपर्यंत आला. "आपा, चूल थंड असली की तिचा कोन फोटो काढतो काय? काल सोयरे आले तवा मी फळीला पडदा लावला होता!"

"पडदा काड, सत्यवती. मी पन माज्या गोदामाचा काडते."

"तुमचं गोदाम मोठं, शोभतं तुमाला. माजी फळी बघून ते हसतील त्याचं काय?"

"हसू दे. हसतील म्हंजे बघतील तरी."

महेरुन्निसाने बाकीच्या दुकानदारांनाही फोन केले आणि दुपारभर फोटो येत राहिले. नुसत्या फळ्या. एका फळीवर मांजर झोपलेली. एकीवर खोका काढल्याचा चौकोन, धुळीत कोरल्यासारखा. सत्यवतीच्या फोटोत फळ्यांच्या फटीतून मागचं दार दिसत होतं आणि दारातून समुद्र. अमिषा तो फोटो बराच वेळ पाहत राहिली. त्यात विकण्यासारखं काहीच नव्हतं आणि तरी तो पाहावासा वाटत होता.

अहवालातून ट्रकचा परिच्छेद तिने काढला. जागी डब्याची हकीकत घातली, महेरुन्निसाच्या नावानिशी, आणि शेवटचं वाक्य बदललं : डेपो चालू ठेवावा, माल वाढवावा. साडेतीनला अहवाल गेला.

चारची बैठक पाचला संपली. विभागप्रमुखांनी अमिषाला फोनवर एवढंच सांगितलं, की खपाची आणि खोट्या फोटोंची, दोन्ही बाजू वाचल्या आहेत. सत्यवतीच्या आणि इतरांच्या ॲपवर मात्र एकच संदेश आला होता : फोटोत दुकान आढळले नाही, कृपया पुन्हा पाठवा.

त्यांनी पुन्हा पाठवले. तोच संदेश पुन्हा आला.

शुक्रवारी संध्याकाळपर्यंत कंपनीने डेपोबद्दल काहीही कळवलेलं नाही. दर शुक्रवारी येणारा मालाचा ट्रक आलेला नाही. डबा महेरुन्निसाच्या टेबलावर आहे आणि करमअलींनी टेम्पो धुवून ठेवला आहे.